उल्काच्या गाडीचा सेल्फ

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसमधून आल्यावर गाडीची चावी फिरवून पाहिली. काहीच झालं नाही. आतला दिवासुद्धा लागला नाही. ऑगस्टमध्ये साध्या तापाचं निमित्त होऊन उल्का गेली, तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. मागच्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटानं 'धो डालो' असं लिहून ठेवलंय. आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात लोकांना दुसऱ्याच्या गाडीवर लिहायला भरपूर वेळ आहे.

या महिनाअखेर गाडीला पंधरा वर्षं होतात. नोंदणी वाढवायची तर आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यावी लागते. मला २८ तारीख मिळाली आहे. गाडी तिथं स्वतः चालत जायला हवी आणि चावीनं सुरू झालेली दिसायला हवी. नाही झाली तर ती भंगारात जाईल.

कौमुदीला बंगलोरला फोन केला. "पापा, स्क्रैप कर दो ना. आपको चलाना तो है नहीं." मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. उल्काची बहीण शर्मिष्ठाताई शंकर नगरात राहतात, त्यांचंही हेच मत. "काहून ठेवून राहिले ते डबडं, शिरीषराव?" मी दोघींना सांगितलं की अजून ठरवलं नाही.

खरं म्हणजे ठरवलं आहे. गाडी जाणार नाही. का, ते मला कोणी विचारू नये.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेजारचे बाबाराव आले. रेल्वेतून निवृत्त झालेत. नोकरी सगळी पार्सल ऑफिसात गेली, पण बोलतात असं की इंजिनं यांच्याच हातून निघाली. बॉनेट उघडून आत वाकले, डोकं हलवलं.

"बॅटरी मेली, शिरीषभाऊ. हे तर पोट्टंही सांगन."

"बरं."

"तीन महिने उभी ठेवली ना तुम्ही. गाडी म्हणजे म्हैस आहे. रोज काढावं लागते."

त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं, याचाच जास्त राग आला. जाताना दारात थांबून म्हणाले, "वहिनी गेल्या, तिनंही मान टाकली. गाडीलेही समजते." सांत्वन जमत नसेल तर माणसानं बॅटरीवरच बोलावं.

९ नोव्हेंबर, रविवार

नवी बॅटरी बसवली. दिवे लागले, हॉर्न वाजला, वायपर फिरले. आता होणार म्हणून चावी पुढं फिरवली. 'टक्'. परत फिरवली. परत एकच 'टक्', आणि शांतता.

बाबारावांनी लगेच जाहीर केलं, "धक्का!" त्यांच्या हाकेनं गल्लीतले पाच जण जमले. कोणाचा खांदा कुठं लावायचा यावर आधी चर्चा झाली. परवाना माझ्याकडं आहे, सवय नाही. म्हणून बाबाराव खिडकीशी वाकून समजावू लागले, "दुसरा गियर टाका. क्लच दाबून ठेवा. मी 'सोडा' म्हणलो की सोडा. मी म्हणल्याबिगर सोडू नका."

मी तसंच केलं. गाडी गल्लीच्या उतारावरून छान निघाली. मी क्लच दाबून वाट पाहत होतो. 'सोडा' म्हणायचं ज्यांच्याकडं होतं ते मात्र कधीच मागं पडले होते, आणि गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होते. गाडी पानठेल्यापर्यंत गेली आणि शांतपणे थांबली. पानवाल्यानं विचारलं, "क्या दूँ, साहब?"

मग ती चढावरून परत ढकलत आणली. मागं स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. बाबाराव सगळ्यांना सांगत होते, "शिरीषभाऊनं क्लच नाही सोडला."

आणि धक्क्यानं सुरू झाली असती तरी उपयोग काय? आरटीओत काय मी पाच माणसं घेऊन जाणार होतो?

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुटी टाकली. गाडी आतून साफ केली.

उल्काचा चष्मा पुसायचा रुमाल सापडला. दोन पेनं, केसांचं एक रबर, चिंचेच्या गोळ्यांची पुडी. ड्रायव्हरच्या सीटखाली कपडे धोपटायची आमची जुनी लाकडी मोगरी निघाली. वॉशिंग मशीन आल्यावर ती फेकली गेली असेल असं मला वाटत होतं. उल्कानं पायपोस झटकायला ठेवली असावी. एका टोकाला काळं वंगण लागलं होतं. पुसून परत तिथंच ठेवली.

एक गोष्ट आज लक्षात आली. गाडीत एकही देव नाही. डॅशबोर्डवर मूर्ती नाही, आरशाला माळ नाही. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, कारण गेली दीड-दोन वर्षं उल्का या गाडीची रोज पूजा करायची. सकाळी आम्ही सोबत निघायचो. तिच्या कॉलेजच्या वाटेवर माझं ऑफिस, त्यामुळे ती मला सोडून पुढं जायची. मी डावीकडं पेपर उघडून बसलो की ती म्हणायची, "थांबा, देवाला उठवून येते." मग बॉनेट वर करायची. त्यामुळे समोरचं काही दिसायचं नाही. आतून दोनदा ठकठक ऐकू यायची, पुजारी देवापुढं टाळी वाजवतात तशी. बॉनेट खाली यायचं, ती हात पुसत आत बसायची, आणि गाडी सुरू व्हायची.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई! घरच्या देव्हाऱ्याकडं कधी वळून पाहिलं नाही आणि सगळी भक्ती या पत्र्यावर. मी एकदा म्हटलं होतं, "दसऱ्याला एक हार घालतो तेवढा पुरे नाही का?" ती म्हणाली, "तुमच्या खात्यात आकडे रोज लागतात, माझ्या खात्यात देव." मी पेपरात डोकं घातलं. चांगल्या शिकलेल्या माणसांनाही या वयात असं काहीतरी जडतं. तिच्याशी त्यावर वाद घातला नाही, तेवढं बरं केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बिसाहू मिस्त्री आला. तालाबाजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं चावी फिरवली, 'टक्' ऐकलं आणि फोन न ठेवताच निकाल दिला.

"पूरा वायरिंग गया, साहब. बदलना पड़ेगा."

"कसं कळलं?"

"तजुर्बा."

"आत पाहिलंसुद्धा नाही तुम्ही."

"हव, देखने की ज़रूरत ही नहीं पड़ी."

मी त्याला सांगितलं की रविवारनंतर कळवतो. न पाहता कळणाऱ्या माणसांचं राज्य आहे. ऑफिसातही तसेच अहवाल येतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी स्वतः तपासलं.

उल्काचा मल्टीमीटर कपाटात होता. त्यावर तिनं पट्टी चिकटवून 'घरचा आहे, कॉलेजचा नाही' असं लिहिलंय. वापरायचं कसं ते दोन दिवस वाचून काढलं. एकानं चावी फिरवायची आणि दुसऱ्यानं मीटर पाहायचा, म्हणून बाबारावांना बोलावलं. बॉनेट उघडणं आणि चावी फिरवणं, यापलीकडं त्यांना काम दिलं नाही.

बॅटरी स्वस्थ असताना साडेबारा व्होल्टच्या थोडी वर. चावी फिरवताना सुई... सुई नाही, आकडा जवळजवळ तिथंच राहिला. मग हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहत परत चावी फिरवायला सांगितली. 'टक्' झालं, उजेड मंद झाला नाही.

"म्हणजे बॅटरी चांगली आहे," बाबाराव म्हणाले, जणू ती त्यांनीच घरी बनवली.

याचा अर्थ मी असा लावला. इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर म्हणजे सेल्फ. ती अडकून बसली असती तर तिनं जोरात वीज ओढली असती आणि दिवे मंदावले असते. इथं दिवे ढिम्म. वीज दारापर्यंत जाते, आत शिरत नाही. आत वीज पोचवायला कोळशाचे छोटे ठोकळे असतात, त्यांना कार्बन म्हणतात. ते झिजले असणार. वायरिंगचा संबंध नाही.

वाचताना एका ठिकाणी असंही दिसलं की अशा सेल्फला बाहेरून ठोकलं तर झिजलेले कार्बन क्षणभर टेकतात आणि तो फिरतो. यंत्रं ठोकून चालवणाऱ्या लोकांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी ते करून पाहिलं नाही.

उल्का असती तर तिला हे मी समजावून सांगितलं असतं. तिला आवडलं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिसाहूला कार्बनचं सांगितलं. तो म्हणाला, "वही तो मैं बोल रहा था." मी वायरिंगची आठवण करून दिली. त्याला काही वाटलं नाही.

सेल्फ खाली उतरवला. कार्बन नखाएवढे राहिले होते. माझं बरोबर निघालं. पण बिसाहू सेल्फ उलटसुलट करून बाहेरूनच बघत बसला. सगळा एका बाजूनं ठेचलेला होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"साहब, इसको तो बहुत मारे हो आप."

"मी आयुष्यात बॉनेट उघडलं नाही."

"तो कौन मारता था?"

"कोणी नाही. गाडी माझी बायको चालवायची."

तो तोंड दाबून हसला. कशाला ते कळलं नाही. आधी कोणीतरी त्याच्यासारख्याच मिस्त्रीनं ठोकाठोकी केली असणार आणि आता नाव आमचं.

पुढची अडचण अशी की या जुन्या सेल्फचे कार्बन आता येत नाहीत. "दूसरी गाड़ी का पुराना सेल्फ डाल देते हैं," म्हणाला. "आज ही चालू." मी नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, मला हाच हवा. त्याच्या चेहऱ्यावर आलं ते मी वाचलं. वेडा समजला तर समजू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज जेवणाच्या सुटीत सुट्या भागांच्या दुकानांतून फिरतो. पंडरीपासून पुढं दोन्ही बाजूंची दुकानं झाली. सगळीकडं एकच दृश्य. काउंटरमागचा माणूस हातातला कार्बन न बघता म्हणतो, "नहीं आएगा." मग गाडी किती जुनी ते विचारतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडं बघून हसतो.

एका दुकानात मोठ्या गाडीचे कार्बन मिळाले. जाड आहेत, पण घासून बसतील असं मला वाटतं. बिसाहू म्हणतो, "घिसने का टाइम किसके पास है?"

माझ्याकडं आहे. सात दिवस आहेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाकघरातल्या फरशीवर पॉलिश पेपर चिकटवून कार्बन घासले. थोडं घासायचं, मोजायचं, परत घासायचं. एक जास्त घासला गेला, वाया. आता राहिले तेवढेच. बोटं काळी झाली, ओटा काळा झाला. उल्का ओरडली असती.

बरं वाटलं. का ते माहीत नाही. घासताना फोन दोनदा वाजला, घेतला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शर्मिष्ठाताई डबा घेऊन आल्या. भरल्या वांग्यात मीठ नव्हतं. ओट्यावरची काळी भुकटी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे काय मांडून ठेवलं, शिरीषराव?"

मी सगळं सांगितलं. बाबारावांची म्हैस, पानठेला, बिसाहूचा तजुर्बा. त्या हसल्या. मग मी सेल्फवरच्या ठेचांचं सांगितलं आणि म्हटलं, "एकीकडं मिस्त्री ठोकून ठेवतात, दुसरीकडं तुमची बहीण रोज त्याची पूजा करायची. 'देवाला उठवून येते' म्हणायची. गाडी चालणार कशी?"

ताई हसायच्या थांबल्या.

"पूजा? उल्का अन् पूजा?"

"रोज. बॉनेट उघडून. दोनदा ठकठक."

"शिरीषराव, ती मोगरीनं सेल्फ ठोकत होती." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्हाले खरंच माहीत नव्हतं? मले दाखवलं होतं तिनं. 'बघ ताई, दोन मारले की उठते.' मिस्त्रीकडं ने म्हटलं, तर म्हणे नाही."

"का?"

"सेल्फ काढला, खर्च निघाला, की तुम्ही म्हणान विकून टाक. दोन वर्षं तेच तर लावून धरलं होतं तुम्ही, जुनी झाली, विका, ऑटोनं जाऊ." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "ऑटोनं गेले असते तर तुम्ही एकीकडं, ती एकीकडं. म्हणे, ताई, हे सकाळी अर्धा तास माझ्या बाजूला बसतात, तेवढंच. बोलत नाहीत, पण बसतात."

मी विचारलं की चहा घेणार का. त्या नको म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, घेते.

वांगी खारवून खाल्ली. एवढं वय झालं, ताईंना अजून मिठाचा अंदाज नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला ऑटोनं गेलो. आलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बिसाहूनं माझे कार्बन बसवले. बसवताना एकदाही म्हणाला नाही की बरोबर घासलेत. नुसतं "बैठ गया" म्हणाला. सेल्फ परत चढवला. ठेचलेली बाजू वरच आली. त्यानं विचारलं, "इसको रंग मार दूँ? नया दिखेगा." मी नको म्हटलं.

चावी मीच फिरवली. एका फेरीत सुरू झाली. तीन महिन्यांचा धूर गल्लीत पसरला आणि समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले.

बाबाराव धावत आले. "म्हटलं होतं ना मी, बॅटरी!"

इंजिन चालू ठेवून डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. बिसाहू म्हणाला, "साहब, गाड़ी उधर से चलती है."

परवा आरटीओत कोणी न्यायची, हा प्रश्न आहे. माझ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. संध्याकाळी शर्मिष्ठाताईंचा फोन आला. "मी नेते. मले येते गाडी. तुम्ही नुसते बसा."

डबडं म्हणणारी बाई. लोकांची मतं अशीच असतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी पास झाली. पाच वर्षं मिळाली. तपासणाऱ्यानं चावी फिरवली, पहिल्या फेरीत सुरू झाली. त्यानं कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडं गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायचं कारणही नाही.

लिहायचं ते सकाळचं.

ताई वेळेवर आल्या. सीट पुढं ओढली, आरसा फिरवला. उल्काची उंची जास्त होती. मी पेपर घेऊन डावीकडं बसलो. ताईंनी चावी फिरवली, लगेच सुरू झाली. गियर टाकणार तेवढ्यात मी म्हटलं, "बंद करा."

"आता काय झालं?"

"बंद करा, ताई."

त्यांनी बंद केली. मी उतरलो. त्यांच्या सीटखाली हात घालून मोगरी काढली. बॉनेट उघडायला मला वेळ लागला, खटका कुठं असतो ते माहीत नव्हतं. तो सापडला. बॉनेट वर केलं आणि दांडी लावली. बॉनेटमागं उभं राहिलं की आत बसलेलं माणूस दिसत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. त्यालाही आपण दिसत नाही.

सेल्फची ठेचलेली जागा शोधली. मोगरीचं टोक तिथं बरोबर बसतं. दोनदा मारलं.

बाबाराव दात घासत दारात उभे होते. तोंडात फेस असतानाही त्यांना राहवलं नाही. "शिरीषभाऊ, कार्बन तर नवे टाकले ना? मारून काहून राहिले मंग?"

"उठवतो आहे," मी म्हटलं.

त्यांनी थुंकून घेतलं आणि मान हलवली. उद्या गल्लीभर होईल. होऊ दे. यांच्या अकलेला आज दुपारपर्यंतचं काम मिळालं.

बॉनेट लावलं, हात रुमालाला पुसले, येऊन बसलो. ताई समोर बघत होत्या. त्यांनी डोळे पुसून चावी फिरवली.

पेपर नेला होता. उघडला नाही.